शीलाची कसोटी

माणसाचे शील त्याच्या मतांवरून ओळखावे काय? आपल्या सयाजीगंजातील कमाटीबाग मला याचे उत्तर देते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोद्यात नोकरीस आले. जात कळताच त्यांना पारशी विश्रामगृहातून बाहेर काढण्यात आले. दोघा सुशिक्षित मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. एकाने नोकरांचे, दुसऱ्याने पत्नीचे कारण पुढे केले. (नकार सौजन्यपूर्ण होते, हे विशेष!) अखेर मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी पाच तास या बागेत काढले.

आत्मसंयम म्हणजे भावनाशून्यता, हे मला मान्य नाही. अठरा वर्षांनंतर लिहितानाही आठवणीने डोळे भरून येतात, असे आंबेडकर सांगतात. मित्रांचे बोलणे मात्र ते जसेच्या तसे नोंदवतात, वर एकही कटू शब्द न जोडता.