पुस्तक थकले हे पालकांना कळावे; पण कोणते, हेही कळावे का?

बरगी (जबलपूर) : शाळेच्या ग्रंथालयातून नेलेले पुस्तक मुदतीत परत आले नाही की पालकांना कळवायचे, ही शाळांची जुनी रीत आहे. पूर्वी ही सूचना विद्यार्थ्याच्या दैनंदिनीत लिहून घरी जात असे. आता ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीतून ती थेट पालकांच्या मोबाइलवर पोहोचू शकते. सूचनेत पुस्तकाचे नाव असेल, तर थकबाकीबरोबर मुलाचे वाचनही घरी उघड होते. मुलांच्या डिजिटल माहितीविषयीचे नवे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत असताना या साध्या सूचनेकडे नव्याने पाहण्याची गरज निर्माण झाली आहे.

नर्मदेवरील धरणामुळे परिचित असलेल्या बरगी परिसरात, बरगीनगर येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. निवासी शाळांमध्ये विद्यार्थी, पुस्तक आणि ग्रंथपाल एका आवारात असतात. पालक मात्र दूर गावी. नवोदय विद्यालयांच्या योजनेनुसार हिंदी आणि अहिंदी भाषक भागांतील शाळांमध्ये नववीच्या सुमारे ३० टक्के विद्यार्थ्यांची एका वर्षासाठी अदलाबदल होते. त्यामुळे मूल एका राज्यात आणि पालक दुसऱ्या राज्यात, अशीही स्थिती असते. अशा वेळी पुस्तक परत करणे विद्यार्थ्याच्याच हाती असते. पालकांना गेलेली सूचना पुस्तक परत आणू शकत नाही, फक्त माहिती पोहोचवते.

नाव का महत्त्वाचे?

बहुतेक पुस्तकांच्या नावाने काहीच बिघडत नाही. प्रश्न मोजक्या पुस्तकांचा असतो. वयात येताना होणारे शारीरिक बदल, नैराश्य, व्यसनी पालक, घरातील हिंसा, लैंगिक अत्याचार किंवा वेगळ्या श्रद्धेविषयीचे पुस्तक एखादी विद्यार्थिनी घेते, ते अनेकदा प्रत्यक्ष विचारता न येणारा प्रश्न मनात असल्यामुळे. तिला त्रास देणारी व्यक्ती घरातलीच असेल आणि सूचना त्याच घरातील सामाईक फोनवर गेली, तर पुस्तकाचे नाव तिला अडचणीत आणू शकते. थकबाकीची यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, तर ती माहिती एका घरापुरतीही राहत नाही.

जुने कार्ड, नवी नोंद

संगणकापूर्वीही ही अडचण होती. अनेक ग्रंथालयांत पुस्तकाच्या खिशातील कार्डावर वाचकाचे नाव लिहिले जाई आणि पुढच्या वाचकाला आधीची नावे दिसत. जपानमध्ये २०१५ साली कोबे येथील एका दैनिकाने कादंबरीकार हारुकी मुराकामी यांच्या शालेय वयातील अशी ग्रंथालय कार्डे छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. त्यांवर इतर विद्यार्थ्यांचीही नावे होती. जपान ग्रंथालय संघटनेने हा वाचकांच्या खासगीपणाचा भंग असल्याचे म्हटले. कार्डे अर्धशतकापूर्वीची होती, तरीही आक्षेप घेतला गेला.

संगणकाने कार्ड नजरेआड केले. मात्र नोंद पुसली नाही, तर कोणी काय वाचले याची वर्षानुवर्षांची यादी एका जागी साठते.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद १६ मुलांच्या खासगीपणाला संरक्षण देतो. अनुच्छेद ५ पालकांच्या मार्गदर्शनाचा अधिकार मान्य करताना मुलाच्या वाढत्या क्षमतेचा विचार करण्यास सांगतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिच्या माहितीचा वापर करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांना संमती व देखरेखीबाबतच्या काही अटींतून सूट आहे. मात्र हेतू संपल्यावर माहिती पुसण्याचे तत्त्व कायद्यात आहे.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. हा कायदा बालकाच्या वतीने पालकांनाच माहितीचे अधिकार देतो. म्हणजे तो मुलाला बाहेरच्या संस्थांपासून संरक्षण देतो. पालकांपासून मुलाचे वाचन गुप्त ठेवण्याची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. शिवाय तो डिजिटल माहितीपुरता आहे. केवळ कागदी नोंदवहीला लागू होत नाही. अमेरिकेतही १९७४ च्या संघीय कायद्यानुसार विद्यार्थी १८ वर्षांचा होईपर्यंत शैक्षणिक नोंदी पाहण्याचा अधिकार पालकांकडे असतो. त्यामुळे सूचनेत काय लिहायचे, हा निर्णय मुख्यतः शाळेच्या विवेकावर राहतो.

पालकांची आणि ग्रंथपालाची बाजू

पुस्तक हरवल्यास भरपाई पालकच देतात; त्यामुळे थकबाकी कळण्याची त्यांची अपेक्षा रास्त आहे. ग्रंथपालावरही साठ्याची जबाबदारी असते. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आवश्यक ठरवले असले, तरी समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना मिळणारे वार्षिक ग्रंथालय अनुदान शाळेच्या स्तरानुसार सुमारे ५ हजार ते २० हजार रुपये आहे. एवढ्या रकमेत प्रत्येक पुस्तक मोलाचे ठरते. तरीही केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, २०१७ हे वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसल्यास, वाजवी मानतात. म्हणजेच थोडी गळती गृहीत धरलेली आहे.

मधला मार्ग

दोन्ही गरजा एकाच सूचनेत भागू शकतात. पहिली आठवण विद्यार्थ्यालाच, आणि एकट्याला गाठून द्यावी. पालकांना कळवण्याची वेळ आल्यास थकीत पुस्तकांची संख्या, परतीची तारीख आणि भरपाईची रक्कम पुरेशी ठरते. नावाऐवजी दाखल क्रमांक देता येतो. यादी फलकावर किंवा गटावर लावू नये. पालकाने नाव विचारल्यास ग्रंथपालाने आधी विद्यार्थ्याशी बोलावे आणि घरात धोका असल्याची शंका असेल तर मुख्याध्यापकांना विश्वासात घ्यावे. पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव त्या नोंदीपासून वेगळे करावे. हे नियम वर्षाच्या आरंभीच पालकांना सांगितले, तर नंतर गैरसमज होत नाही.

थकलेले पुस्तक बहुधा परत येते किंवा त्याची किंमत भरून निघते. पण आपण काय वाचतो हे घरी कळवले जाते, असे एकदा वाटले की विद्यार्थी पुढचे अवघड पुस्तक मागतच नाही. ती हानी कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.