सतरंजीवरची मैफल

अमेरिकेत शिकताना किरण सेठ यांच्या कानी डागर घराण्याचे धृपद पडले आणि मनातून गेलेच नाही. पुढे दिल्लीच्या आयआयटीत शिकवू लागल्यावर १९७७ साली त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून ‘स्पिक मॅके’ ही शास्त्रीय कलांच्या मैफली भरवणारी संस्था उभी केली. मैफलीला तिकीट नाही. कलावंताला स्टेशनवरून आणण्यापासून सतरंज्या अंथरण्यापर्यंत सगळे मुलेच करतात.

या मैफलींत तमिळनाडूचे भरतनाट्यमही असते, आणि ते आपल्याला अगदी परके नाही. आरंभीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंतचा प्रयोगाचा आजचा क्रम बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी; त्यांना तंजावरच्या मराठा राजाचा, दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांचा आश्रय होता.

अशी मैफल भुसावळलाही व्हावी. इथल्या महाविद्यालयांतली मुले त्यांच्या विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवासाठी जीव तोडून तालमी करतात. त्यांना एकदा तरी असा कलावंत हाताच्या अंतरावर बसून पाहायला मिळायला हवा. गाव तर रेल्वेचे जंक्शन; पाहुणा थेट दारात उतरेल.

जवळून पाहिले की कळते : बोटे जुळवलेला, अंगठा दुमडलेला सरळ पंजा म्हणजे भरतनाट्यमची ‘पताका’ ही हस्तमुद्रा. नजर वर गेली की तोच ढग, मनगट लहरले की नदी.