टोपली आधी औषधांच्या दुकानात

ऑक्टोबरच्या सुमारास फ्रान्समधील एखाद्या छोट्या गावात औषधांच्या दुकानात गेल्यास, काउंटरवर खोकल्याच्या औषधाशेजारी मातीने माखलेल्या अळंबीची टोपली दिसू शकते. शरद ऋतूत सुट्टीच्या दिवशी रानात जाऊन अळंबी गोळा करणे हा तिथला जुना छंद. ती टोपली स्वयंपाकघरात नेण्याआधी फार्मासिस्टला दाखवणे, ही त्याला जोडून आलेली सवय. फ्रान्समध्ये फार्मसीच्या अभ्यासक्रमात बुरशीशास्त्र शिकवले जाते. अर्थात आता प्रत्येक फार्मासिस्ट तेवढ्या आत्मविश्वासाने निवाडा देत नाही. काही जण सरळ जवळच्या अळंबी-अभ्यासक मंडळाकडे पाठवतात.

एवढा खटाटोप ज्यासाठी, तो पदार्थ मात्र अगदी साधा असतो. 'सेप' ही जाड देठाची, तपकिरी टोपीची अळंबी ब्रशने झाडून, काप करून तेलात किंवा बदकाच्या चरबीत परततात. शेवटी बारीक चिरलेला लसूण आणि पार्स्ली घालायची, की झाले. पिवळीधमक 'जिरोल' आधी भरपूर पाणी सोडते; ते आटल्यावरच लोणी घालायचे. मग ती ऑम्लेटमध्ये जाते. अळंबी कितीही वेळ परतली तरी तिचा लगदा होत नाही, कारण तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि हे कायटिन उष्णतेला दाद देत नाही. उरलेली सेप वाळवून हिवाळ्यातल्या सूपसाठी ठेवतात. वाळताना तिच्यातील ग्वानिलेट वाढते, म्हणून मूठभर सुक्या तुकड्यांनीही सूपला चव येते.

नावावर मात्र जाऊ नये. 'मृत्यूची तुतारी' असे भयंकर नाव मिरवणारी काळी अळंबी चवीने खाल्ली जाते. खरा मृत्यू असतो तो दिसायला सौम्य, फिकट हिरवट टोपीच्या 'अॅमानिटा फॅलॉइड्स'मध्ये. जगभरात अळंबीच्या विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक हिच्यामुळे होतात. एक मोठी अळंबी प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते. ओळखीची मुख्य खूण, म्हणजे देठाच्या तळाशी असलेली पांढरी पिशवी, मातीत लपलेली असते. देठ वरून कापला की ती रानातच राहते आणि टोपलीत येतो निष्पाप दिसणारा वरचा भाग. म्हणून अळंबी मुळासकट उपटून आणायला सांगतात.

तिच्यातील अॅमॅनिटिन हे विष शिजवून, वाळवून किंवा गोठवूनही नष्ट होत नाही. पेशीला प्रथिने बनवण्यासाठी जनुकांतील सूचनांची नक्कल करावी लागते. ती करणारे विकरच हे विष बंद पाडते. सर्वाधिक फटका यकृताला बसतो. फसवे असते ते वेळापत्रक. उलट्या-जुलाब सुरू होतात ते साधारण सहा ते चोवीस तासांनी, म्हणजे रात्रीचे ऑम्लेट विसरले गेल्यावर. मग एखादा दिवस बरे वाटते, घरचे निर्धास्त होतात आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. वेळेत रुग्णालय गाठले तर उपचार आहेत. काहींना मात्र यकृत प्रत्यारोपणच करावे लागते.

चुकीची ओळख हा एकच धोका नाही. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये 'बिदाऊ' ही पिवळी अळंबी पिढ्यान् पिढ्या आवडीने खाल्ली जात होती. ती लागोपाठ काही जेवणांत भरपूर खाल्लेल्या 12 जणांचे स्नायू विरघळू लागल्याची, त्यांतील तिघे दगावल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे फ्रान्सने तिच्या विक्रीवर बंदी घातली. तिच्याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. पण 'आजोबा खायचे' हा पुरावा तिथे अपुरा ठरला.

फ्रान्सची अन्नसुरक्षा संस्था 'अन्सेस' दर शरदात लोकांना बजावते: रानातली अळंबी प्रौढाने आठवड्याला 150 ते 200 ग्रॅमच खावी, लहान मुलांना देऊ नये, कढईत 20 ते 30 मिनिटे शिजवावी. ओळख पटवणाऱ्या मोबाइल अॅपवर विसंबू नये.

पावसाळ्यात कोकण-गोव्यात वारुळांवर उगवणारी अळंबी पानात गुंडाळून विकायला येते, तेव्हा तिथेही भिस्त असते ती नेमकी जागा आणि नेमकी जात ओळखणाऱ्या अनुभवी नजरेवर. त्या नजरेऐवजी युक्त्या वापरल्या, की घात होतो. चांदीचे नाणे काळे पडते का, सोबत घातलेला लसूण रंग बदलतो का, या चाचण्या निखालस खोट्या आहेत. किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसालाही चालते, हाही भ्रमच. गोगलगाई विषारी अॅमानिटा खाऊन खुशाल फिरतात.

अन्सेसच्या यादीतली एक सूचना फुकटात पाळता येते. टोपलीतील अळंबीचा शिजवण्यापूर्वी फोटो काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कुणाला उलट्या झाल्याच, तर पातेले घासून झालेले असते आणि तज्ज्ञाला दाखवायला तो फोटोच हाताशी राहतो.