घरची भाषा आणि शाळेची भाषा

मेळघाटातील कोरकू बालक प्रथम शाळेत येते, तेव्हा पुष्कळदा ते गप्प बसते. त्यावरून त्यास मंदबुद्धी ठरविणे हा अन्याय होय. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीचे कूळ निराळे. बालकाजवळ विचार असतो, मराठी शब्द तेवढा नसतो.

दोन भाषांमुळे बुद्धीवर भार पडतो, असा समज एके काळी विद्वानांतही होता. १९२३ साली सेअर यांच्या वेल्समधील पाहणीत ग्रामीण द्विभाषिक मुले मागे दिसली. परंतु १९६२ साली पील व लँबर्ट यांनी माँट्रियल येथे समान सामाजिक स्तरांतील दहा वर्षांची मुले घेऊन तुलना केली, तेव्हा फ्रेंच व इंग्रजी जाणणारी मुले बुद्धिमापन कसोट्यांत सरस ठरली. मात्र या मुलांच्या दोन्ही भाषा सारख्याच पक्क्या होत्या, हे ध्यानात ठेवावे. एक भाषा खुडून दुसरी लावण्याने हा लाभ होत नाही.

भावनेचेही तसेच आहे. माया, भीती, रुसवा यांचे शब्द बालक आईच्या तोंडून शिकते. रडणाऱ्या मुलास त्याच्या बोलीतील एक शब्दही धीर देतो.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी वर्गातील वस्तूंची कोरकू नावे मुलांकडूनच शिकून घ्यावीत, ती मराठी नावांशेजारी फळ्यावर लिहावीत आणि बेरीज-वजाबाकी प्रथम मुलांच्या भाषेत समजू द्यावी. घरची भाषा विसरून मराठी येत नाही. तिचा हात धरूनच ती येते.