सुरक्षिततेचे मोल कोणी द्यावे?

सीमेवर सैनिक पहारा देतो, म्हणून सीमेलगतच्या गावाकडून कोणी त्याचा पगार वसूल करीत नाही. मग विमानतळावरील तपासणीचा खर्च प्रवाशाने का सोसावा? अमेरिकेत हा प्रश्न २००१ नंतर प्रकर्षाने पुढे आला.

तोपर्यंत तेथे प्रवाशांची तपासणी विमान कंपन्या खाजगी ठेकेदारांकडून करवून घेत आणि खर्चही त्याच करीत. ११ सप्टेंबर २००१ रोजी अतिरेक्यांनी चार विमाने पळविली आणि सारे चित्रच पालटले. १९ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली व तपासणीचे काम सरकारकडे आले. फेब्रुवारी २००२ पासून प्रवाशाला दर उड्डाणामागे अडीच डॉलर, पण एका दिशेच्या प्रवासात जास्तीत जास्त पाच डॉलर, असे शुल्क बसले. कंपन्यांवरही वेगळे शुल्क लादण्यात आले. २००० साली त्या तपासणीवर जो खर्च करीत होत्या, तोच त्याला आधार धरला. एवढ्याने भागेना, तेव्हा उरलेला भार सरकारी तिजोरीवर पडला.

कंपन्यांची तक्रार होती, की हल्ला राष्ट्रावर झाला, मग भुर्दंड आम्हांला का? आधीच प्रवासी घटले होते. २००३ साली इराक युद्ध सुरू झाले, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने कंपन्यांना २.३ अब्ज डॉलर दिले आणि जून ते सप्टेंबर प्रवासी शुल्कही थांबविले.

विमानात कधी पाऊलही न ठेवणाऱ्याने कर का द्यावा, असे कोणी विचारील. परंतु त्या दिवशीच्या सुमारे तीन हजार बळींपैकी विमानांत होते फक्त २४६ जण. बाकीच्यांनी तिकीट काढलेच नव्हते! तेव्हा ही सुरक्षितता केवळ प्रवाशांची नव्हे, हे मान्य केले पाहिजे.

पुढे जुलै २०१४ पासून प्रवासी शुल्क ५.६० डॉलर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून कंपन्यांचे शुल्क मात्र रद्द झाले. विशेष म्हणजे, प्रवासी शुल्काचा काही भाग अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यासाठी वळविण्यात आला. पैसा मागितला सुरक्षिततेच्या नावाने आणि गेला दुसरीकडे!

आपल्याकडेही विमानाच्या तिकिटात सुरक्षा शुल्क असतेच. माझ्या मते, प्रवाशाने आपला वाटा जरूर द्यावा. पण ज्या कामासाठी पैसा घेतला त्याच कामी तो खर्च व्हावा, आणि उरलेला भार सर्वांनी मिळून उचलावा. कारण रक्षण ही विकत घ्यायची वस्तू नसून शासनाचे पहिले कर्तव्य आहे.