चालत्या यंत्रमानवाचा मार्गविचार

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या चेक नाटकामुळे जगभर पोहोचला. त्याच्या मुळाशी वेठबिगार या अर्थाचा चेक शब्द आहे. मराठीने त्यास ‘यंत्रमानव’ हा पर्याय दिला. तो सुबोध आहे खरा. परंतु त्यातील ‘मानव’ या उत्तरपदामुळे लक्ष रूपाकडे जाते आणि गतीचा मूळ प्रश्न झाकला जातो. चालत्या यंत्रमानवापुढील पहिला प्रश्न माणसासारखे दिसण्याचा नसतो. कोठेही न आदळता इष्ट स्थळी कसे पोहोचावे, हा असतो.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात झाला. तेथील ‘शेकी’ हा चाकांवरील एक डुगडुगणारा मनोराच होता. त्यावर कॅमेरा व अंतरमापक असून विचाराचे काम दूरचा संगणक करीत असे. या प्रकल्पातूनच पीटर हार्ट, निल्स निल्सन व बर्ट्राम राफेल यांनी १९६८ साली ‘ए-स्टार’ ही शोधपद्धती मांडली. प्रत्येक टप्प्यावर आजवर चाललेले अंतर आणि उरलेल्या अंतराचा अंदाज यांची बेरीज करावयाची व जेथे ती सर्वांत कमी, तो टप्पा आधी तपासावयाचा, हे तिचे सार. अंदाज वास्तवापेक्षा कधीच अधिक नसेल, तर सापडलेला मार्ग सर्वांत जवळचाच असतो.

पुढे १९७९ साली तोमास लोझानो-पेरेझ व मायकेल वेस्ली यांनी एक युक्ती व्यवस्थित मांडली. यंत्राच्या आकारमानाइतके अडथळेच फुगवावेत. मग यंत्र केवळ एक बिंदू उरते आणि बिंदूला वाट शोधणे सोपे असते.

तथापि रचना आणि मार्गविचार हे वेगळे करता येत नाहीत. दोन चाके स्वतंत्रपणे फिरविणारे यंत्र जागच्या जागी वळते; मोटारगाडीसारखे यंत्र तसे वळू शकत नाही. म्हणून एकासाठी योग्य असलेली वाट दुसऱ्यासाठी अशक्य ठरते. शिवाय चाके घसरतात. फेऱ्या मोजून काढलेल्या स्थानातील चूक पावलोपावली साचत जाते. नकाशा कितीही निर्दोष असला, तरी यंत्राला पुन्हा पुन्हा डोळे उघडून भोवताल पाहावाच लागतो.

चांद्रयान-३ मधील ‘प्रज्ञान’ला २७ ऑगस्ट २०२३ रोजी तीन मीटर अंतरावर चार मीटर व्यासाचे विवर आढळले. पृथ्वीवरून आज्ञा गेली, गाडी आल्या वाटेने मागे फिरली व नव्या मार्गाने निघाली. त्या सहाचाकी गाडीस ‘यंत्रमानव’ म्हणावे असे आपणांस सहसा सुचत नाही. वस्तुतः शेकीची खरी वंशज तीच आहे.