जोडीचा गिअर

कडबा कुट्टीचा गिअर मोडला की रेणापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यापुढं दोन वाटा असतात. लातूरला जाऊन स्पेअर पार्टच्या दुकानांत तसाच गिअर शोधायचा, नाहीतर मोडके तुकडे पिशवीत घालून लेथवाल्याकडं जायचं. पहिल्या वाटेनं गेलेला माणूस पुष्कळदा रिकाम्या हातानं परततो. कुट्टी यंत्रं बनवणारे छोटे कारखाने ठिकठिकाणी आहेत आणि जो तो आपापल्या साच्यावर गिअर ओततो, त्यामुळे एकाचा गिअर दुसऱ्याला बसेलच असं नसतं. इकडं जनावरं दावणीला उभी असतात. अख्खी पेंढी टाकली तर बराचसा कडबा पायाखाली जातो. सोयाबीनचा पेरा वाढून ज्वारीचा घटला, तेव्हापासून असा कडबा तुडवू देणं परवडत नाही. एका गिअरपायी मोटर, पाती, रोलर सगळं थांबतं, आणि मग दुसरी वाट धरावीच लागते.

किर्लोस्करांच्या कारखानदारीची सुरुवातच या यंत्रापाशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. त्यांचा लोखंडी नांगर घरोघरी माहीत आहे, पण नांगराच्याही आधी त्यांनी बनवलं ते कडबा कापायचं यंत्र. 1910 मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकऱ्याच्या हातातलं यंत्र मोडणार आणि ते जवळपासच दुरुस्त व्हायला हवं, ही गरज तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे.

लेथवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “काका, जोडीचा दुसरा गिअर आणला का?” मोडलेल्या गिअरकडं तो नंतर बघतो, आणि त्याचं बरोबर आहे. गिअर एकटा नसतोच. त्याचं माप त्याच्या जोडीदारात आणि दोघांच्या शाफ्टमधल्या अंतरात दडलेलं असतं. ते वाचता येणं हाच या कसबाचा गाभा आहे. दाते पाडणं त्यामानानं सोपं.

समजा, गिअरला 24 दाते आहेत आणि बाहेरचा व्यास 65 मिलिमीटर भरतो. दात्यांच्या संख्येत 2 मिळवायचे आणि व्यासाला त्या बेरजेनं भागायचं. 65 भागिले 26, म्हणजे अडीच. याला मॉड्यूल म्हणतात, आणि दात्याचा आकार यावरून ठरतो. मॉड्यूल सारखं असेल तरच दोन गिअर एकमेकांत बसतात. अर्धा गिअर उडालेला असेल तर उरलेला भाग कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवतात, कंपासनं वर्तुळ पुरं करतात आणि राहिलेल्या जागेत किती दाते मावतील ते मोजतात. दात्यांची संख्या विषम असेल तर एका दात्यासमोर दाता न येता खाच येते आणि व्हर्नियर कमी माप दाखवतो. अशा वेळी भोकाच्या कडेपासून दात्याच्या टोकापर्यंत मोजायचं, दुप्पट करायचं आणि त्यात भोकाचा व्यास मिळवायचा.

खरा चकवा पुढं आहे. यंत्र जुन्या इंची पद्धतीचं असू शकतं. तिथं मॉड्यूल नसतं, व्यासाच्या दर इंचाला किती दाते असा हिशेब असतो. इंचाला दहा दात्यांच्या मापाचं मॉड्यूल 2.54 येतं, अडीचच्या अगदी शेजारी. त्या मापाचा 24 दात्यांचा नवा गिअर 66 मिलिमीटरचा असतो, आणि एक मिलिमीटर झिजला की तोही 65 भरतो. मोडका तुकडा हातात धरून हा फरक कळणं अवघड आहे. म्हणून जोडीदार आणि शाफ्टचं अंतर हवं. जोडीचा गिअर 60 दात्यांचा असेल, तर मॉड्यूल अडीचला दोन शाफ्टच्या मध्यांतलं अंतर 105 मिलिमीटर येतं, इंची मापाला जवळजवळ 106.7. हाऊसिंग दात्यांइतकं झिजत नाही, त्यामुळे पावणेदोन मिलिमीटरचा हा फरक खरं काय ते सांगून टाकतो. ज्या टर्नरला हे ठाऊक असतं, त्याचा गिअर वर्षानुवर्षं फिरतो. बाकीच्यांचा गिअर पहिल्याच दिवशी ओरडायला लागतो.

माप ठरलं की लेथवर ब्लँक, म्हणजे दाते पाडायच्या आधीची चकती, तयार होतो: बाहेरचा व्यास, भोक, बाजू, आणि चावी बसायची खाच. मग मिलिंग मशीनवर दाते पाडायचे, ब्लँक मोजून फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडच्या मदतीनं. हेडचं हँडल 40 वेळा फिरवलं की गिअर एकदा फिरतो. 24 दात्यांसाठी दर दात्याला एक पूर्ण आणि दोन तृतीयांश फेरा द्यायचा, म्हणजे 18 भोकांच्या वर्तुळात एक फेरा आणि वर 12 भोकं. कटरही दात्यांच्या संख्येप्रमाणं बदलतो. दर मॉड्यूलला आठ कटरांचा संच असतो. 21 ते 25 दात्यांना एक, 12-13 ला दुसरा. दात्याची कड ज्या वक्राची असते तो इन्व्होल्यूट वक्र अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं गिअरसाठी सुचवला. आज रेणापूरच्या रस्त्यावरून जाणारी प्रत्येक मोटारसायकल तो वक्र आपल्या गिअरबॉक्समध्ये घेऊन धावते.

ज्याच्याकडं मिलिंग मशीन नाही, तो बिडाचा मोडलेला दाता पितळी वेल्डिंगनं भरून कानशीनं घासतो. एखाददुसऱ्या दात्याला हे चालतं. जुनाच गिअर वाळूत दाबून नवा ओतून घ्यायचा मार्गही लोक धरतात, पण बीड थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं. दीडशे मिलिमीटरचा गिअर दीड मिलिमीटरनं लहान होऊन बाहेर येतो आणि जोडीत सैल फिरतो. नमुन्यावर आधी भर चढवायला हवी, हे सांगणारा फाउंड्रीवाला मिळाला तर नशीब.

कुट्टीचे रोलर ज्या वर्मवर चालतात त्याची गंमत मला सगळ्यांत भावते. वर्म म्हणजे लेथवर कापलेला जाड आटाच, पण अडीच मॉड्यूलच्या वर्मचा आटा 7.854 मिलिमीटरचा लागतो, म्हणजे अडीच गुणिले पाय (π). लेथवर असा आटा थेट नसतो. म्हणून टर्नर लेथच्या बाजूचे बदली गिअर 22 आणि 7 च्या प्रमाणात लावतो. शाळेत पाठ केलेला 22/7 इथं लोखंडात उतरतो, आणि चूक राहते ती दहा हजारांत चारच.

रसवंतीच्या चरकाचं गणित वेगळं. तिथं व्यासाला दाते अधिक दोननं भागायचं वरचं सूत्र जसंच्या तसं लावलं तर फसगत होते. उसाच्या जाडीप्रमाणं, पिळण्याच्या ताणाप्रमाणं रोलरमधलं अंतर कमीजास्त होतं. म्हणून त्यांच्या गिअरचे दाते मुद्दाम लांब ठेवलेले असतात, रोलर लांब सरकले तरी दाते अडकलेले राहावेत म्हणून. साखर कारखान्यांच्या मिलमध्ये रोलरांच्या शाफ्टच्या टोकावर बसणारे क्राऊन पिनियनही याच तत्त्वावर असतात. याच तालुक्यात, निवाड्याला, रेणा सहकारी साखर कारखाना आहे. मिलवर काम केलेल्या फिटरला रसवंतीचा गिअर लगेच उमगतो.

अलीकडं या कामात नवं गिऱ्हाईक आलं आहे: लातूरच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं. वायपरची बारा व्होल्टची मोटर घेऊन कुणी बी पेरायचं यंत्र करतं, कुणी फवारणीची गाडी. त्यांना लागणारे छोटे गिअर भंगारात सापडतात, जुन्या प्रिंटरमध्ये, टेबल फॅनमध्ये, खेळण्यांत. मॉड्यूल जुळलं तरी दात्याच्या कडेचा कल, म्हणजे प्रेशर अँगल, जुळतोच असं नाही. जुने साडेचौदा अंशांचे, नवे वीसचे. दोन्ही एकत्र आले की आवाज आणि झीज. लहान पिनियनला 17 पेक्षा कमी दाते दिले तर वीस अंशांतही दात्याचा पाया कोरला जातो.

वायपर मोटरमधला नायलॉनचा गिअर तुटला की मुलं तो पितळेचा करून मागतात. मी तसं करू नका म्हणेन. नायलॉनचा गिअर तिथं मुद्दाम असतो. यंत्र अडकलं की तो स्वतः मोडतो आणि मोटरचा वर्म वाचतो. नायलॉनचाच दांडा आणून त्यातून दुसरा कापून घ्यावा. थ्री-डी प्रिंटरवरचा गिअर नमुना तपासायला उत्तम, पण साधं प्लास्टिक मोटरच्या उष्णतेनं मऊ पडतं.

हे सगळं शिकवलं जातं. आयटीआयच्या मशिनिस्ट अभ्यासक्रमात गिअर कटिंग आहे, दोन वर्षांत मुलगा डिव्हायडिंग हेड हाताळायला शिकतो. उणीव आहे ती नोंदीची. कुट्टीचा एक गिअर मोजायला अर्धा दिवस जातो, आणि पुढच्या हंगामात त्याच बनावटीचं दुसरं यंत्र आलं की तोच अर्धा दिवस पुन्हा जातो. दात्यांची संख्या, मॉड्यूल, भोक, चावीची खाच, शाफ्टचं अंतर, धातू, एवढंच एका वहीत दर कामाला लिहिलं आणि तालुक्यातल्या वर्कशॉपनी त्या वह्या एकमेकांना दाखवल्या, तर कुट्टीचं यंत्र अर्धा दिवस आधी सुरू होईल. गिअर बसवून झाला की वरचं पत्र्याचं झाकणही त्याच वेळी पुन्हा घट्ट बसवून घ्यावं. घाईत ते बाजूला राहतं, आणि कुट्टीनं बोटं गेलेली माणसं गावोगाव आहेत.